हिरवं विरजण

नववर्षाचा केक कापून दोन दिवस झाले नाहीत, तोच एव्हान्थियाच्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खाऊ लागल्या. प्रथिनं कमी पडली की कोंबडी शेजारणीलाच टोचते, तिला कोण समजावणार! तीनशेतल्या निम्म्यांच्या पाठी उघड्या, रक्ताळलेल्या. ही पन्नाशीची विधवा घरातली मसूर शिजवून त्यांना घालत होती, पण ती किती पुरणार? सोयावाल्याला उन्हाळ्यात तिनेच तोऱ्यात सांगितलं होतं, तुझी पोती नकोत, माझ्या कोंबड्या माझं शेवाळ खातात. आता तो म्हणत होता, फेब्रुवारीआधी नाही.

आणि शेवाळ होतंही तसंच. निग्रिता शहराजवळच्या या गावात गरम झऱ्याचं पाणी नळीतून फिरवून तिने काचघरातला हौद ऊबदार ठेवला होता. त्यातलं बारीक हिरवं शेवाळ गाळून, वाळवून दाण्यात मिसळायची.

डिसेंबरात आठ दिवस ऊन पडलं नाही आणि हौद फिकटला. बाईचा जीव टांगणीला लागला. संतांच्या तसबिरींपाशी मागच्या थिओफानियाचं, म्हणजे जानेवारीतल्या पाणी पवित्र करण्याच्या सणाचं तीर्थ होतं, बाटलीत सब्ज्याच्या काडीसकट. ते वर्षभर नासत नाही, हे गावात शेंबडं पोरही जाणतं. आजाऱ्याला पाजतात, द्राक्षवेलींना घालतात. तिने छातीवर क्रूस काढला आणि बाटली हौदात रिकामी केली. नाताळापर्यंत हौद तपकिरी झाला.

तिला शेवाळाचं विरजण देणारा, झऱ्यावरच्या शेवाळघरात काम करणारा स्ट्रॅटोस आला. त्याने एक थेंब भिंगाखाली धरला.

"मावशी, शेवाळ खाणारे किडे वळवळताहेत. कुठलं पाणी घातलंस?"

"नळाचं," ती म्हणाली. दुसरं काही तोंडातून निघेना.

त्याने हौद उपसून घासायला लावला. स्वयंपाकघराच्या खिडकीतली विरजणाची बरणी तेवढी शुद्ध होती. हौद पुन्हा त्यातूनच लावायचा, त्यात बाहेरचा थेंब पडला तर संपलं, आमच्याकडेही उरलेलं नाही, असं बजावून तो गेला.

यंदाच्या थिओफानियाच्या आदल्या दिवशी गावचे पाद्री पापा-फोतिस घरोघर तीर्थ शिंपडत आले. सब्ज्याची ओली काडी हलवत अंगण झालं, खोल्या झाल्या, मग स्वयंपाकघर. काडी खिडकीकडे वळली तशी एव्हान्थिया आडवी आली. आयुष्यात क्रुसाला पाठ न दाखवलेली ही बाई त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने बरणी एप्रनखाली झाकली.

"एव्हान्थिया, देवाचं पाणी आहे गं."

"ठाऊक आहे, बाबा. मागच्या वर्षीचं मीच हौदात ओतलं. त्यानेच सगळं गेलं." आणि ती रडू लागली. हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती, आणि सांगताना तिला देवाचीच लाज वाटत होती.

बाहेर एक कोंबडी केकाटत होती. पापा-फोतिसांनी काडी तीर्थाच्या भांड्यात ठेवली, वर झाकण लावलं आणि विचारलं, "मसूर आहे का अजून घरात?"

"नाही."

"माझ्याकडे अर्धं पोतं आहे," ते म्हणाले. "बरणी ठेव खाली, आणि चल."

दोन्ही हातांनी धरूनच तिने बरणी खिडकीत ठेवली.