खोट्या मिशीची दहा वर्षे

"दहा वर्षे सक्तमजुरी," असं जज्जसाहेबांनी वाचलं आणि भंडाऱ्याच्या कोर्टात मागच्या बाकावर कोणीतरी टाळी वाजवली. मग व्हरांड्यात टाळ्या झाल्या, मग बाहेर झाडाखाली. माझा नवरा पिंजऱ्यात उभा होता. त्याला ऐकू आलं नाही की समजलं नाही, कोण जाणे. त्यानं माझ्याकडे पाहून हातानं विचारलं, किती? मी दोन्ही हातांची बोटं दाखवली. त्याला वाटलं दहा महिने. तो हसला. दुसऱ्या दिवशी पेपरात तेही आलं. शिक्षा ऐकून हसला म्हणे.

त्यानं दोन पोरी मारल्या होत्या. हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की मी लपवते आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात नाला आटतो आणि डोह उरतात. त्यात मासे कोंडतात. जुने लोक रानातल्या गेळ्याच्या झाडाची फळं कुटून डोहात टाकत. मासे गुंगून वर येत, माणसाला काही होत नसे. मग धानावर फवारायचं औषध आलं. फळं गोळा करा, वाळवा, कुटा, ही खटपट कोण करणार? झाकणभर औषध टाकलं की तासाभरात मासे पांढरं पोट करून वर. आजूबाजूच्या सगळ्याच गावांत हे चालायचं. आणीबाणी उठली त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात नवऱ्यानंही टाकलं. झाकणभर नाही, अर्धी बाटली. त्याचं कुठलंच काम मापात नसे.

सकाळी त्यानं मासे आणले. मी पोटं साफ करून, धुऊन रस्सा केला. दुपारी आम्ही दोघं आणि आमची दोन लेकरं पोटभर जेवलो. त्याच वेळी शेजारणीच्या दोन पोरी, एक सात वर्षांची, एक पाच, त्याच डोहाच्या खालच्या अंगाला तरंगत आलेले मासे वेचत होत्या. ऊन होतं, तहान लागली. ओंजळीनं पाणी प्यायल्या. मोठी तिथंच पडली. धाकटी साकोलीच्या दवाखान्यात नेताना बैलबंडीतच गेली. तिच्या तोंडाचा फेस पुसायला तिच्या आईजवळ पदराशिवाय काही नव्हतं.

नवरा स्वतःच पोलीसपाटलाच्या दारात जाऊन बसला. "म्याच टाकलं जी औषध," म्हणाला. त्याच्यात खोटं बोलायची अक्कलही नव्हती.

वकिलानं पहिल्या भेटीत मला सांगितलं, "हे हलगर्जीपणाचं कलम हाय, बाई. दोन वर्षांच्या वर जात नाही." त्याच्याजवळ दाखला होता. आदल्या साली नदीपलीकडच्या एका गावात असंच झालं होतं. तिथंही औषधच, तिथंही दोन माणसं मेली, एक म्हातारा आणि एक पोरगी. टाकणाऱ्याला एक वर्ष झालं. सुटून आला, शेळ्या राखू लागला. ते गाव आत होतं, पेपरवाला तिथं गेला नाही. आमचं गाव एसटीच्या रस्त्यावर.

आमच्याकडे पेपरवाला चौथ्या दिवशी आला. फटफटीवर. गोड बोलायचा. मी त्याला पाणी दिलं, तेही त्यानं आधी पेल्यात निरखून पाहिलं, मग प्यायला.

"बाई, तुमच्या नवऱ्यानं मुद्दाम केलं असं लोक म्हणतात."

"मुद्दाम कायले करन? आमी सोताच खाल्ले ना ते मासे. विष समजला असता तं आपल्या लेकरायले खाऊ घातले असते का?"

"म्हणजे त्या दुपारी तुमच्याकडे माशांचं जेवण होतं?"

"हो तं. रस्सा केल्ता."

त्यानं लिहून घेतलं. मला वाटलं, मी वकिलापेक्षा बरं बोलले.

मग त्यानं फोटो मागितला. आमच्या घरात नवऱ्याचा एकच फोटो. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा भरते, तेव्हा गावचं नाटक होतं. नवऱ्याचा आवाज जाड, म्हणून दरसाल खलनायक तोच. घरात कोंबडीला हाकलताना घाबरणारा माणूस, पण स्टेजवर आला की बाया लेकरांचे डोळे झाकत. त्या फोटोत त्याला गालापर्यंत चिकटवलेली मिशी होती, डोळ्यांत काजळ, हातात लाकडी तलवार, त्यावर चंदेरी कागद.

"हा नाटकातला होय," मी म्हणाले. "यात तो दरोडेखोर हाये."

"चालेल, बाई. चेहरा दिसतो ना."

मी तो फोटो भिंतीवरून माझ्या हातानं काढला, पदरानं पुसला आणि दिला.

मी चौथी पास आहे. पेपर हळू वाचते, पण अक्षर सोडत नाही. तलवार कापून फक्त तोंड छापलं होतं. नाटकाचा शब्द नाही. वर मोठ्या अक्षरात 'नाल्याकाठचा राक्षस'. खाली लिहिलं होतं की निष्पाप बालिका तडफडत असताना राक्षसाच्या घरी माशांची मेजवानी चालू होती आणि त्याच्या बायकोनं ती अभिमानानं सांगितली. खोटं एकही वाक्य नव्हतं. म्हणूनच ते खोडता येईना.

पंधरा दिवस रोज काही ना काही छापून आलं. भंडाऱ्यात मोर्चा निघाला. फोटो मोठा करून काठीला बांधला होता, त्याला चपला मारल्या. पुढारी बोलले. मग पोलिसांनी कलम बदललं. वकील म्हणाला, "आता हलगर्जीपणा नाही राहिला. माणूस मरू शकते हे त्याले ठाऊक होतं, असं म्हणते सरकार. हे दहा वर्षांपर्यंत जाते."

"मंग त्या नदीपलीकडच्याले ठाऊक नोयतं का?"

"त्याचा फोटो नोयता," वकील म्हणाला.

सानगडीच्या बाजारात मिरच्यावालीनं मला मिरच्या त्याच पेपरात बांधून दिल्या. तोंड वर येईल अशा. "तुह्याच घरचा माणूस आहे वो, घेऊन जा," म्हणाली. बाकीच्या बाया हसल्या. मी मिरच्या आणल्या आणि भाजीत घातल्या. टाकून द्यायला काय झालं?

कोर्टात वकील उभा राहून म्हणाला की पेपरातला फोटो नाटकातला आहे, हे लिहून घ्यावं. जज्जसाहेब म्हणाले, फोटो पुराव्यात नाही, कोर्ट पेपरावर चालत नाही. वकील खाली बसला. मला तेव्हाच कळलं की आता संपलं. पुराव्यात असता तर मी मिशी आणून दाखवली असती. ती घरी पेटीत होती, डिंक लागलेली.

निकालात लिहिलं की आरोपीचा निर्ढावलेपणा पाहता आणि समाजातला संताप पाहता जरब बसेल अशी शिक्षा हवी. निर्ढावलेपणा म्हणजे रस्सा. बाहेर आल्यावर मी वकिलाला विचारलं, "जज्जसाहेबानं फोटो पाहिलाच नाही म्हणते ना?"

तो म्हणाला, "सकाळी चहासंगं पेपर तेही वाचते, बाई."

पेपरानं शिक्षा वाढते का, यावर शिकलेले लोक भांडत असतील. मला कायदा कळत नाही. त्या गावात दोन मेले, आमच्या गावात दोन मेल्या. औषध तेच. त्याला एक वर्ष, याला दहा. मधे जे आहे ते मी माझ्या हातानं दिलं. नवऱ्याला शिक्षा नको होती, असं मी कधी म्हटलं नाही. दोन वर्षं झाली असती तर मीच म्हटलं असतं, भोग, माकडा. पण दोन.

मी जेलमध्ये भेटायला जायची. पहिल्या वर्षी तो सुटकेचं विचारायचा, मग लेकरांचं, मग काहीच नाही. बाकीचे कैदी त्याला राक्षस म्हणून हाक मारत. तो 'ओ' द्यायला लागला होता. अपील नागपूरला पडून होतं. ऐंशी साल उलटलं, जेलच्या चौथ्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि तो मेला. माणूस मेला की अपीलही मरते, असं वकिलानं सांगितलं. पेपरात एक ओळ आली नाही. मी आठ दिवस पाहिलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारीण भेटली. चार वर्षांत पहिल्यांदा बोलली.

"दहा सांगतले होते ना? चारातच सुटला."

मी दोर सोडला, बादली भरून वर घेतली. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. कदाचित आधी म्हटलं असतं.

तिच्या दोन्ही पोरी गेल्या, माझा नवरा गेला. ती जगली, मी जगले, आणि आमच्या दोन्ही घरांमधली भिंत अजून एकच आहे.