चार मिलिमीटरचा फरक

मापाच्या बाईंसमोर भल्याभल्या सर्जनांची बोलती बंद व्हायची. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत बसून त्या बावीस वर्षं लोकांच्या पोटातल्या रक्तवाहिन्या मोजत आल्या होत्या. कुणाची महाधमनी फुगली, की स्कॅनची शेकडो चित्रं त्यांच्या पडद्यावर यायची. त्यांच्या मापाबरहुकूम स्टेंटची नळी मागवायची आणि जांघेतून आत सरकवायची. माप चुकलं तर रक्त बाजूने झिरपून फुगा फुटायची भीती. म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजायचं, असा तिथला नियम होता.

दुसरे मोजणारे होते चष्मेवाले. "नियम आहे म्हणून तुम्ही आहात," असं बाई त्यांना तोंडावर सांगत आणि वर त्यांच्याच डब्यातली बिस्किटं खात.

एके दिवशी पडद्यावर आला तो बाईंचा सख्खा थोरला भाऊ.

"घरच्या माणसाचं तुम्ही नका मोजू," चष्मेवाले चाचरत म्हणाले.

"का? पट्टी काय नातं बघून ताणली जाते?" बाईंनी त्यांना उडवून लावलं.

मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या फाट्याखाली, फुगा सुरू होण्याआधी, निदान पंधरा मिलिमीटर धड, न फुगलेली रक्तवाहिनी हवी. तेवढी असली तर स्टेंट पकड घेतो. नाहीतर पोट उघडायचं. आणि दादांचं हृदय आधीच अधू, ते मोठं ऑपरेशन झेपेलच याची खात्री कुणी देईना.

बाईंनी मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं, पंधराच. त्यांच्या जिवात जीव आला.

चष्मेवाल्यांचं अकरा आलं.

"डोळे तपासून घ्या!" बाई कडाडल्या. चष्मेवाल्यांनी फक्त बाईंची खूण मोठी करून दाखवली. फुगा जिथे सुरू होत होता, तिथून बाईंची खूण चार मिलिमीटर खाली होती, आणि दोन्ही वेळा अगदी त्याच जागी. शिकाऊ माणसानेही अशी चूक केली नसती. मग बाईंनी आपलं माप खोडलं आणि अकरावर सही केली.

दादा वरच्या मजल्यावर पलंगावर पाय हलवत बसले होते.

"पोट उघडावं लागणार," बाई म्हणाल्या. "धड रक्तवाहिनी अकराच मिलिमीटर आहे."

"तू मोजलंस ना? मग विषयच संपला."

"मी नाही. चष्मेवाल्यांनी."

"ते? तूच तर म्हणतेस, त्यांना काही कळत नाही म्हणून! तुझं किती आलं?"

"पंधरा."

"मग पंधराच धरायला सांग की! तू कधी चुकली आहेस?"

बाईंनी दादांचा हात हातात घेतला.

"दादा, मला पंधरा हवे होते रे. म्हणून ते पंधराच आले."