उंदीरखाऊ जेरे मॅडम

फालेसी जेरे चिपाटा गावातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत आणि वसतिगृहही सांभाळत. आवाज असा, की त्या नद्यांची नावं घेऊ लागल्या की शेजारच्या वर्गात माझं गणित बंद पडे. त्या ओरडत, आणि ओरडून झालं की त्याच मुलीच्या ओंजळीत शेंगदाणे ओतत.

त्या वर्षी म्वेन्या दहावीत होती. दूरच्या कासामा गावाकडची, बेंबा जमातीची. जूनमध्ये तिची आई गेली. परीक्षा चालू होती, वाट लांबची, म्हणून घरच्यांनी माती झाल्यावरच कळवलं. त्यानंतर म्वेन्या हळूहळू थांबत गेली. आधी वर्गात हात वर करणं थांबलं, मग जेवण, मग बोलणं. आमच्याकडे जुलैत थंडी असते, त्या थंडीत तर ती पांघरुणातून उठेचना.

साकाला नावाचा आमचा मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता, पण वसतिगृहात काही बरंवाईट होईल म्हणून घाबरला होता. येत्या शुक्रवारी तिला काकाकडे पाठवायचं, असं त्याने सोमवारी ठरवलं. काकाने तिच्यासाठी नवरा बघून ठेवला होता. गेली असती तर परत आली नसती. जेरे मॅडमनी फार विनवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की शुक्रवारी सकाळी ती आपल्या पायांनी दवाखान्यात गेली तर बघू. तिथे मनाचे आजार बघणारी नर्स होती.

पहिले तीन दिवस मॅडम चुकल्या. आपला आवाज गिळून त्या खाटेपाशी कुजबुजल्या, लापशी घेऊन बसल्या. बाकीच्या मुलीही दबक्या पावलांनी चालू लागल्या. गुरुवारी दुपारी शिक्षक खोलीत येऊन त्या म्हणाल्या, आपण त्या खोलीचं मयताचं घर करून टाकलंय, आणि तेही अर्धवट.

अर्धवट म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. न्गोनी आणि बेंबा या जमाती एकेकाळी लढल्या, तेव्हापासून त्यांच्यात थट्टेचं नातं आहे: न्गोनींनी बेंबांना माकडखाऊ म्हणायचं, बेंबांनी न्गोनींना उंदीरखाऊ. बेंबाच्या घरी कुणी वारलं की न्गोनीने जाऊन मेलेल्याची टिंगल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. घरच्यांनी रागवायचं नाही, उलट उत्तर द्यायचं. म्वेन्याच्या वाट्याला तो न्गोनी आलाच नव्हता. आणि मॅडम तर पक्क्या न्गोनी.

त्यांनी डोक्याला फडकं बांधलं आणि वसतिगृहाच्या दारातूनच गळा काढला.

"गेली गं बाई, गेली. कासामाची माकडं आज नाचतायत, त्यांना खाणारी गेली." मग खाटेवर धपकन बसून, "आणि लेक बघा, लोळतेय. बेंबांना धड रडताही येत नाही, त्यालासुद्धा न्गोनी लागतात."

मुली दाराशी गोठल्या. मला वाटलं, आजारी पोरीची थट्टा करून ही बाई आज नोकरी घालवणार.

 मग पांघरुणातून खरवडल्यासारखा आवाज आला.

"आईला माकड आवडायचं नाही." मग पांघरूण बाजूला सारून, "आणि तुम्ही बोलू नका, मॅडम. तुमच्या दातांत उंदराची शेपटी अडकलीय."

सगळी खोली हसत सुटली. म्वेन्याही हसली आणि हसता हसता रडू लागली, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. मॅडमनी मुलींना बाहेर काढलं, दार लावून घेतलं. आत त्यांनी काय विचारलं ते पुढे म्वेन्यानेच मला सांगितलं.

"थट्टा संपली, बाळ. आता खरं सांग. जगावंसं वाटतं ना तुला?"

कधी कधी नाही, असं ती म्हणाली. मॅडम तिचा हात धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या.

शुक्रवारी सकाळी साकाला फाटकाशी उभा होता. दोघी चालत आल्या, म्वेन्याच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या. भाजलेला उंदीर चांगला की माकड, यावर मॅडम तावातावाने बोलत होत्या. कुठे निघालात, असं साकालाने विचारलं.

"दवाखान्यात, सर," म्वेन्या म्हणाली. "मॅडमना दाखवायचंय."

साकालाने फाटक उघडलं आणि हसू दिसू नये म्हणून कडी तपासत राहिला.

पुढच्या मार्चपर्यंत त्या दर शुक्रवारी गेल्या. काही शुक्रवार म्वेन्या वाटेत एक शब्द बोलत नसे. त्या दिवशी मॅडमही गप्प चालत.