गोलकीपरचा बदली कोयता

दुसऱ्या डिव्हिजनच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्याला बरंच काही करावं लागतं. ओरडावं लागतं, रेफ्रीशी भांडावं लागतं, हरल्यावर परतीच्या टेम्पोत तोंड पाडून बसावं लागतं. हे सगळं मी वर्षानुवर्षं केलं होतं. ऊसही तोडावा लागेल, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचा क्लब घोडेगावचा. घोडेगाव म्हटलं की लोकांना जनावरांचा बाजार आठवतो. आमचे खेळाडू नगरच्या मैदानावर उतरले की हमखास कुणीतरी विचारायचं, "काय पाव्हणं, म्हैस इकायला आला का?" माझं डोकं तिथंच सटकायचं. मी सोनईच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो. आयुष्यात कधी फुटबॉलला लाथ मारली नाही. चर्चच्या मागच्या मैदानावर पोरं वर्ग बुडवून खेळायची, त्यांच्यावर ओरडायला म्हणून गेलो आणि ओरडायची सवय तिथंच लागली. पुढं ती पोरं मोठी झाली, त्यांनी क्लब काढला, आणि मी त्यांच्यावर ओरडण्याऐवजी त्यांच्या बाजूनं ओरडू लागलो. एवढाच काय तो फरक.

दुसरी डिव्हिजन म्हणजे काय, ते सांगायला हवं. वरच्या डिव्हिजनचे सामने संध्याकाळी चारला होतात. खुर्च्या मांडतात, माईकवरून नावं पुकारतात, गोलच्या खांबांना जाळी लावतात. आमचे सामने रविवारी सकाळी आठला. मैदानात शेळ्या चरत असतात, त्या हाकलल्या की खेळ सुरू. जाळी नाहीच. गोल झाला तर बॉल थेट रस्त्यावर, आणि मग तो आतून गेला की बाहेरून यावर अर्धा तास भांडण. त्या भांडणांत माझा मोठा वाटा असायचा. रविवारची उपासना बुडायची ती वेगळीच. बायको म्हणायची, "लोक रविवारी देवाच्या दारात जातात, तुम्ही शेळ्यांच्या कुरणात जाता." चर्चच्या पाळकांनी मात्र मला कधी टोकलं नाही. सोमवारी भेटले की आधी स्कोअर विचारायचे.

आम्हाला वर जायचं होतं, बस. त्याहून मोठं स्वप्न गावात कुणी पाहत नव्हतं. आणि आम्ही दरवर्षी खालीच राहायचो, कारण आमचा गोलकीपर.

गोलकीपर वाईट होता असं नाही. तो जिल्ह्यात सगळ्यात चांगला होता, आणि हे मी त्याचा जुना मास्तर म्हणून बोलत नाही. उंच, काटक, बोलायला एकदम कमी. आलेला बॉल छातीशी असा धरायचा की पुन्हा सुटायचं नाव नाही. पण त्याचं घर डोंगराकडच्या कोरड्या वस्तीवर. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको टोळीबरोबर श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला जायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतायची. आणि लीगही दिवाळीनंतरच सुरू होते. म्हणजे पावसाळाभर आमच्याकडं गोलकीपर असायचा आणि सामने नसायचे.

त्या वर्षी पहिल्या सामन्याला क्लबचा सेक्रेटरी स्वतः गोलमध्ये उभा राहिला. तो घोडेगावात शिलाईकाम करतो, माणूस सोन्यासारखा, पण बॉल अंगावर आला की डोळे मिटतो. आम्ही सहा गोल खाल्ले. परतीच्या टेम्पोत जो तो त्याच्याकडं बघायचं टाळत होता. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "पुरे झालं. मी उद्या श्रीगोंद्याला जातो आणि त्याला घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. विचारत विचारत उसाचा फड गाठला. गोलकीपर ऊस तोडत होता, मला पाहून नुसता हसला. टोळीच्या मुकादमापाशी मी रविवारपुरती त्याची सुट्टी मागितली. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे मला हिशेब समजावला, जणू मीच विद्यार्थी.

"मास्तर, कोयता म्हंजी एक मानूस न्हवं, जोडी. त्यो तोडतो, ती मोळ्या बांधती. एक उठून गेला तर दुसरीनं काय करायचं? आन गाडी कुनी भरायची? कारखान्याला बॉल पाठवू व्हय?"

सगळी टोळी हसली. आता माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या नेवासा तालुक्याला माहीत आहे. मी म्हणालो, "त्याच्या जागी मी तोडतो."

टोळी आणखी जोरात हसली. पण बोलून गेलो होतो. आणि मुकादमानं, कदाचित गंमत पाहायला, होकार दिला.

त्या रविवारी भल्या पहाटे मी गोलकीपरच्या बायकोसमोर उभा राहिलो. ठेंगणी, चपळ बाई. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. तिनं माझ्या हातात कोयता दिला आणि म्हणाली, "सर, बुडातून तोडायचा. जमिनीलगत." मी वाकलो. दहा मिनिटांत कंबर गेली. मग हळूहळू मी कमी वाकू लागलो आणि ऊस वरवर छाटला जाऊ लागला. मागं वळून पाहिलं तर माझ्या वाटणीच्या सरीत गुडघाभर खुंट उभे. मुकादमानं कपाळावर हात मारला.

"मास्तर, साखर बुडात असती! निम्मी साखर मालकाच्या रानात ठिवली तुमी."

सगळी सरी पुन्हा जमिनीलगत छाटायला लागली. नंतर आमच्या सेक्रेटरीची पाळी आली तेव्हा त्यानं तर कमाल केली. कोयता जमेना म्हणून त्याला मोळ्या बांधायला दिल्या, पण त्या उसाच्याच शेंड्याच्या हिरव्या वाढ्यांनी बांधतात, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं दुकानातून सुतळी नेली आणि प्रत्येक मोळीला सुबक दुहेरी गाठ मारली. फडातल्या बायका पोट धरधरून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आता काजं-बटनंबी लावा तिला." पण दोघांनीही गाडी भरेपर्यंत फड सोडला नाही, आणि नगरच्या मैदानावर आमच्या गोलमध्ये आमचा गोलकीपर उभा होता.

मग रीतच पडली. दर शनिवारी चाहत्यांपैकी एक जण श्रीगोंद्याला जायचा, गोलकीपर संध्याकाळच्या गाडीनं नगरला यायचा, आणि रविवारी सामना उरकला की उलट प्रवास. गावात याला 'बदली कोयता' म्हणू लागले. पाळ्या लागल्या. पिठाच्या गिरणीवाला गेला, पोस्टमन गेला, एकदा पाळकही गेले, उपासना शनिवारी संध्याकाळी उरकून. दर सोमवारी गावात कुणीतरी वाकून चालताना दिसलं की समजायचं, आपण जिंकलो. आणि आम्ही जिंकतच होतो. ज्यांनी म्हशीवरून टोमणे मारले होते, त्यांच्या गोलमध्ये आम्ही चार टाकले. मी त्या दिवशी मैदानाच्या कडेनं ताठ मानेनं फिरलो. अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

शेवटच्या सामन्याआधीच्या रविवारी पुन्हा माझी पाळी आली. आता माझा हात जरा बसला होता. दुपारी भाकरी खायला बांधावर बसलो तेव्हा गोलकीपरच्या बायकोनं विचारलं, "सर, हे तिथं नेमकं करत्यात तरी काय?"

मला वाटलं थट्टा करतेय. पण नव्हती करत. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि तिनं नवऱ्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. तो पावसाळ्यात सरावाला निघाला की ती चुलीपाशी, आणि आता सामन्याला निघाला की ती फडात. मी काटकीनं मातीत मैदान काढलं, दोन खांब काढले, मधे एक ठिपका ठेवला. "हा तुझा नवरा. इकडून बॉल येतो. तो आत जाऊ द्यायचा नाही."

तिनं वाकून ठिपका पाहिला. "येवढंच?" म्हणाली. मग म्हणाली, "समदे त्येंच्याकडं बघत असत्याल, न्हाई?"

मी हो म्हणालो. ती उठून कामाला लागली. मी घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं, तिनं नेमकी किती वर्षं ते पुन्हा विचारून घेतलं.

शेवटचा सामना नगरच्याच एका संघाशी होता. ते पहिले, आम्ही दुसरे, वर जाणार एकच. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर सगळे जमले. शनिवारी फडात कोण जाणार, असं सेक्रेटरीनं विचारलं. कुणीही हात वर केला नाही. इतकी वर्षं वाट पाहिलेला सामना, तो सोडून ऊस कोण तोडणार? आणि खरं सांगायचं तर मीही गप्प बसलो. नको तेव्हा तोंड उघडणारा मी त्या दिवशी चपलेकडं बघत बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

घरी आलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपण दोघं जाऊ."

"दोघं कशाला? बदली एकच लागतो."

"त्या पोरीलाही सामन्याला जाऊ द्या. सहा वर्षं तिनं नवऱ्याचा खेळ पाहिला नाही. तुम्ही इतकी वर्षं दर रविवारी पाहताय, एक नाही पाहिला तर काय बिघडलं? जोडी लागते ना? आपणही जोडीच आहोत."

मी चिडलो. तुला फुटबॉलमधलं काय कळतं, असंही म्हणालो. तिनं शांतपणे माझ्या जुन्या शर्टांतला एक काढला आणि पिशवीत भरला.

रविवारी फडात पहिला ऊस तिनंच तोडला. एका फटक्यात, अगदी जमिनीलगत, खुंट दिसेना. मी पाहतच राहिलो. तिची आई शेवगावच्या बाजूनं फडावर जायची हे मला ठाऊक होतं. ही पण आईबरोबर कोयता धरायची का, हे लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही मी कधी विचारलं नव्हतं. मुकादम म्हणाला, "काकू, तुमी मास्तरला आधी का न्हाई शिकवलं?" ती म्हणाली, "ते कुणाचं ऐकतात व्हय?"

आठ वाजता मी मोबाईल उसाच्या मोळीवर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडून सेक्रेटरी सांगत होता. मी तोडत होतो आणि ऐकत होतो. म्हणजे खरं तर बायको तोडत होती. पहिल्या अर्ध्या खेळात काही झालं नाही. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या पोरानं डोक्यानं गोल मारला. मी कोयता टाकून नाचलो. अख्खी टोळी भोवती जमली. ज्यांना फुटबॉल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तेही माझ्याकडं बघून ओरडले.

आणि मग, अगदी शेवटाला, सेक्रेटरीचा आवाज बसला. "पेनल्टी दिली सर. त्यांना."

एक बॉल, एक माणूस. गोल झाला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे आम्ही खालीच. टोळीला मी तोकड्या शब्दांत सांगितलं. सगळे मोबाईलवर वाकले. नुसता वाऱ्याचा आवाज येत होता.

"काय झालं? अरे, काय झालं?"

"मला काय इचारता सर, मी डोळे मिटलेत!"

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. तेवढ्यात पलीकडं एकच गलका उठला. कुणाचा, आमचा की त्यांचा, काही कळेना. मोबाईल खरखरला. कुणीतरी तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला होता.

"काकू! सर! अडवला! ह्येंनी अडवला! म्या सोताच्या डोळ्यानी बघितला!"

मी खाली बसलो, तिथंच, उसाच्या वाळक्या पाचटात. रडलो. शिक्षक म्हणून आयुष्यभर पोरांना रडवलं होतं, आज भर फडात पंचवीस-तीस माणसांसमोर स्वतः रडलो, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. मुकादमानं कुणाला तरी गूळ आणायला पिटाळलं. बायकोनं मला रडू दिलं, मग म्हणाली, "उठा आता. गाडी भरायची राहिलीय. वरच्या डिव्हिजनचा गोलकीपर आहे, त्याच्या कोयत्याचं काम अर्धवट राहिलेलं चालणार नाही." त्या दिवशी आमची ट्रॉली सगळ्यांच्या आधी भरली, कारण सगळी टोळीच मदतीला आली.

चारच्या सुमाराला ती दोघं परत आली. तो नेहमीसारखा मागं, मान खाली, हातात ग्लोव्हज. ती पुढं, जवळजवळ पळतच. मी त्याला विचारलं, "कसा अडवलास रे?" तो म्हणाला, "आला, धरला." यापलीकडं त्याच्याकडून काही मिळणार नव्हतं, आणि माझा तर जीव कासावीस झाला होता. पिढ्यानपिढ्या सांगितला जाईल असा तो क्षण, आणि मी तो पाहिलाच नव्हता.

पण तिनं पदर खोचला. त्यांच्या झोपडीच्या, कोपीच्या, पुढं असलेल्या पाचटाच्या ढिगापाशी जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. मुकादमाला समोर उभं केलं, म्हणाली, "तुमी मारनारे. ह्ये हितं हुते, असं. त्यो पळत आला, ह्येंनी आदी उजवीकडं झुकल्यागत केलं, फसवाया. मग त्यानं मारला, आन ह्ये..." आणि तिनं डावीकडं झेप घेतली. आडवी, हात लांबवून, अख्खं अंग हवेत. पाचटात धाडकन पडली, बांगड्या खणखणल्या, आणि हातात नसलेला बॉल छातीशी घट्ट धरून तशीच पडून राहिली. गोलकीपर लाजून दुसरीकडं बघत होता.

टोळीनं टाळ्यांचा कडकडाट केला. मी म्हणालो, "पोरी, पुन्हा एकदा."

ती उठली, केसांतलं पाचट झटकलं आणि पुन्हा उडी मारली.