शुक्रवारी चारला वायर काढायची

ऑफिसातले किस्से रॅकमागच्या वायरींसारखे साठत जातात. कुठली कुठून आली ते आठवत नाही, पण एकही काढून टाकायची हिंमत होत नाही! मी आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तरी शुक्रवारी चार वाजले की मन संभाजीनगरला, सिडकोतल्या त्या छोट्या इंटरनेट कंपनीत जातं. नेटवर्क आम्ही तिघं सांभाळायचो. मी, इम्रान आणि आमचे साहेब, गायकवाड सर.

* * *

पहिल्याच आठवड्यात सरांनी शिकवलं, "राउटर डेटाच्या प्रत्येक रस्त्याची किंमत धरतो. ज्याची कमी, तो रस्ता घेतो."

इम्रानला राहवलं नाही. सरांचं घर फुलंब्रीला. पण रोज संध्याकाळी ते उलटे छावणीत जायचे, तिथल्या बेकरीतून सुनंदाताईंसाठी, म्हणजे आपल्या मिसेससाठी नानकटाई घ्यायचे आणि मग घरची वाट धरायचे.

"सर, ये कौनसा शॉर्टकट है?"

"आरं बाबा, किंमत रस्त्याची नसती. रिकाम्या हातानं घरी गेल्यावर जे ऐकून घ्यावं लागतं, त्याची असती!"

* * *

आमच्याकडं लाईनी दोन होत्या. एक मेन, एक बॅकअप. एकदा रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनं दोन्ही एकाच दणक्यात तोडल्या. दोन्ही केबल एकाच चारीतून आल्या होत्या, हे तेव्हा कळलं! सर लई भडकले. "दोन पोरं एकाच मोटरसायकलवर बसवली, अन् म्हणं दोन वाटांनी धाडली!"

बॅकअप लाईन दुसऱ्या रस्त्यानं घेतली आणि सरांनी नवा रिवाज पाडला. दर शुक्रवारी चार वाजता घरी इंटरनेटवरून फोन लावायचा, स्पीकर चालू करायचा आणि सुनंदाताई बोलत असताना मेन वायर उपटायची. बोलणं तुटलं नाही, तर बॅकअप पास!

ताईंना हे सगळं माहीत होतं. गावातल्या बायांना सांगायच्या, "आमच्या ह्यांचं ऑफिस माझ्या तोंडावर चालतंय."

फोन ठेवताना त्या दरवेळी विचारायच्या, "मी हाय. तुम्ही हाय का?"

आणि सर म्हणायचे, "हाय, हाय."

* * *

एकदा इम्रानला हुक्की आली. दोन्ही लाईनींवर भार सारखा वाटला जावा म्हणून त्यानं सेटिंग बदललं. त्या शुक्रवारी व्हिडिओ कॉल होता. चित्र एका रस्त्यानं आलं, आवाज दुसऱ्या रस्त्यानं, रेंगाळत.

"अवं, तुमचं तोंड आधी हलतंय, बोलणं मागून येतंय!" ताई ओरडल्या. "मला बघायला आला होता तवाबी असंच. मान आधी डोलावली, होकार मागून कळवला!"

सर लाजले. पन्नाशी उलटलेला माणूस लाजताना मी पहिल्यांदा बघितला. मग इम्रानकडं वळून म्हणाले, "एक बोलणं एकाच वाटेनं जाऊ दे रे."

* * *

आणि हा एक. मी विचारलं होतं, समोरचा राउटर बंद पडला, हे आपल्या राउटरला कळतं कसं?

"ते एकमेकांना सारखे हॅलो करत असतात. हायस का? हाय. हायस का? हाय."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"थोडी वाट बघतो. मग त्याला यादीतून काढतो, दुसरी वाट धरतो."

"पण किती वाट बघायची?"

"ते राउटर ठरवत नाय, पोरी. ते आपण सेट करायचं."

* * *

ताई हिवाळ्यात गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं, त्या परतल्याच नाहीत. छावणीतून जाताना आम्हाला नानकटाईचा वास नको झाला.

सर कामावर आले तो शुक्रवारच होता. चार वाजत आले. इम्रान हळूच म्हणाला, "सर, आज टेस्ट के लिए मेरे घर लगाऊं?"

"कशाला? घरी तिचा फोन चार्जिंगला लावून आलोय."

सरांनी नंबर लावला, स्पीकर चालू केला. पलीकडं, बंद घरात, रिंग वाजायला लागली. सर उठले, रॅकपाशी गेले आणि मेन वायर उपटली.

रिंग तुटली नाही.

"पास," सर म्हणाले. वायर परत लावली, खुर्चीवर येऊन बसले आणि रिंग आपोआप थांबेपर्यंत ऐकत राहिले. मग फोन उचलून तोंडाजवळ नेला.

"हाय, हाय," म्हणाले.