चाळ खाली करायचा कागद

त्यानं माझं मनगट धरलं आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. विचारलं नाही. तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, मला सही येते," मी म्हणाले.

"राहू दे गं. तुम्हा लोकांची सही म्हणजे अर्धा तास."

पुढच्या खुर्च्यांवर बसलेली ऑफिसची माणसं, ते इस्त्रीचे शर्ट, हसले. मोठ्यानं हसले. मी सातवी पास आहे. माझे कान तापले.

सिल्वासाच्या बाजारामागे आमची चाळ. नंदुरबारकडून लग्न करून आले ती तिथंच. नवरा मेल्यावर धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला लागले, दोन पोरी त्याच खोलीत वाढवल्या. आता बाजार, चाळ, सगळं पाडून तिथं मॉल आणि टॉवर उभे करायचं ठरत होतं. आम्हाला लांब, खेरडीच्या बाजूला घरं देणार म्हणे. कधी, ते कुणी सांगत नव्हतं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर मी तिकडे जाणार कशी, हे मला विचारायचं होतं. सुनावणी आहे, आधी हजेरी लावा, मग तक्रार मांडा, असं सांगून आम्हाला हॉलमध्ये बोलावलं होतं.

माझा हात धरणारा हा बिल्डरचा मॅनेजर. पुण्याचा. टोकरखाड्याला बंगल्यात राहायचा. चाळीत आला होता तेव्हा मराठीत बोलला. "आपलीच माणसं तुम्ही," म्हणाला. आम्ही त्याला चहा पाजला होता.

टेबलावर थर्माकोलचं शहर मांडलेलं. आल्या आल्या मी त्यात आमची चाळ शोधली होती. त्या जागी हिरवा स्पंज चिकटवला होता. बाग.

माझा अंगठा आता कागदाकडे चालला होता. मी मान वाकवून वरची ओळ वाचली. हिंदीत होती. सहमती पत्र. खाली लिहिलं होतं, मी माझी खोली राजीखुशीनं खाली करत आहे.

हजेरी नव्हतीच ती.

मी हात मागं ओढला. त्यानं तो आणखी घट्ट धरला. मनगटात कट्‌ झालं.

"अंगठा देऊ नका!" मी ओरडले. "घर सोडल्याचा कागद आहे हा!"

त्यानं मुस्काटात मारली. सगळ्यांसमोर. ओठ दातावर फाटला. तोंडात रक्ताची चव आली.

शेजारच्या खोलीतले आप्पा, धुळ्याकडचे म्हातारे शिंपी, मधे धावले. "बाईले कसाले मारस रे?" एवढंच बोलले. गार्डनं त्यांना ढकललं. टेबलाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. आप्पा खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. बोटांमधून रक्त यायला लागलं.

माझ्या आत इतकी वर्षं जे गप्प बसलं होतं, ते तेव्हा उठलं. कंपनीत सुपरवायझरनं केस ओढले, मी गप्प. रेशनवर रांगेतून हाकललं, गप्प. त्या दिवशी मी मॅनेजरच्या हाताला चावले. सोडलं नाही. तो कुत्र्यासारखा केकाटला. गार्डनं माझ्या पाठीत दंडुके घातले. एक, दोन, पुढचे मोजले नाहीत. मी टेबल उलटं केलं. थर्माकोलचे टॉवर पायाखाली आले. मी ते तुडवले.

"अरे ए," मी त्याला म्हणाले. साहेब नाही. "माझ्या घरावर बाग लावतोस?"

चाळीतल्या बाया उठल्या. ज्यांनी आधीच अंगठे दिले होते, त्यांनी आपापले कागद शोधून फाडले. खुर्च्या उडाल्या. इस्त्रीचे शर्ट मागच्या दारानं पळाले.

मला चौकीवर नेलं. आप्पांच्या कपाळाला सहा टाके पडले, त्याची तक्रार कुणी लिहून घेतली नाही. माझ्यावर मात्र केस. मॅनेजर हाताला पट्टी बांधून समोर खुर्चीत बसलेला. मी उभी.

पोलीस म्हणाला, "माफी माँग लो, बाई. बात यहीं खतम."

मॅनेजर एकदम गोड झाला. "ताई, तुमच्या मुलींचा विचार करा."

त्यानं पोरींचं नाव काढलं आणि माझी उरलीसुरली भीती गेली.

"माफी तू माग," मी म्हणाले. "आधी आप्पांची. चाळीत येऊन. सगळ्यांसमोर."

तो आला नाही. कंपनीनं मला कामावरून काढलं. मनगट अजून नीट वळत नाही, धुणं पिळताना कळ जाते. केस चालू आहे. माझी थोरली सोडून तारखेला सोबत कुणी येत नाही.

आता पुन्हा सुनावणी लावली आहे. या खेपेला पोलीस जास्त असणार, असं चाळीत बोलतात. काही जण म्हणतात, तू नको येऊस, तुझ्यामुळे बिघडतं.

मी जाणार. पहिल्या रांगेत, त्या इस्त्रीच्या शर्टांच्या खुर्चीवर बसणार. जे विचारायचं ते विचारणार. पुन्हा कुणी अंगावर हात टाकला, तर तो हात मोडणार. हे मी लपवून ठेवलेलं नाही. चौकीतही सांगून आले आहे.