प्रभुभोजनाच्या मेजाबाहेर

क्रेइन विसे आमच्या शेजारी राहायचा. नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातल्या आमच्या गावच्या ख्रिस्ती शाळेत तो जीवशास्त्र शिकवायचा. रविवारी काळा कोट चढवून बायकोबरोबर, पीटरनेलाबरोबर, दोन्ही वेळच्या उपासनेला हजर.

समुद्रात मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात कधीकधी मॅमथची, हिमयुगातल्या केसाळ हत्तींची, हाडं यायची. असाच एक दात त्यानं वर्गात नेला. एका मुलीनं विचारलं, "सर, हा नोहाच्या प्रलयात मेला का?"

"नाही गं. त्याच्या कितीतरी आधी. हा आणि आजचा हत्ती एकाच पूर्वजाचे. देवानं सगळं सावकाश घडवलं."

चार दिवसांत चर्चच्या वडीलजनांनी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, त्याला बोलावलं. त्यांच्यात त्याचे वडील मरिनसही होते. तेच आधी बोलले.

"बायबलात, उत्पत्तीच्या पुस्तकात, सहा दिवस लिहिलेत. तुझे किती?"

"बाबा, देवाचा दिवस आपल्या घड्याळानं कसा मोजायचा?"

"मोजायला कोण सांगतंय? मान."

चर्चचे धर्मगुरू, पाळक, म्हणाले, "सगळ्यांसमोर एवढंच म्हण, माझं चुकलं."

"चुकलं असं वाटत नाही मला. देवाच्या घरात खोटं बोलू?"

त्याला प्रभुभोजनाच्या मेजाशी, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, यायची बंदी झाली. शाळेनं जीवशास्त्र काढून घेतलं, गणित दिलं. कॉलेजातला एक मित्र उट्रेख्टहून भेटायला आला, तर तोही क्रेइनलाच हसला. "एवढं शिकलास आणि अजून गुडघे टेकतोस? लाथ मार त्या चर्चला!"

"तिथे मी प्रार्थना करतो रे," क्रेइन म्हणाला. मित्र पुन्हा आला नाही.

क्रेइन मात्र दर रविवारी चर्चला येत राहिला. प्रभुभोजनाच्या दिवशी पीटरनेला एकटी उठून मेजाशी जायची आणि तो बाकावर मान खाली घालून बसायचा. मी मागच्याच रांगेत असे. त्याच्या मानेवरची ताठ कॉलर पाहवत नसे.

मरिनस आजारी पडले तेव्हा त्यांची हगमूत क्रेइननंच काढली. शेवटच्या दुपारी त्यानं बायबल उघडलं, तर म्हाताऱ्यानं पानावर हात ठेवला.

"तू नको. पाळकांना बोलाव."

क्रेइन उठला, सायकल काढून पाळकांना घेऊन आला आणि ते वाचत असताना दाराबाहेर उभा राहिला.

पुढे सहा-सात वर्षांनी हृदयविकारानं तोही गेला. दफनाच्या वेळी पाळकांनी पापावर प्रवचन दिलं. त्याला स्वर्ग मिळेल या आशेबद्दल चकार शब्द नाही.

संध्याकाळी मी सूप घेऊन पीटरनेलाकडे गेले. ती कोट न काढताच बसली होती.

"मी वर गेले आणि तो तिथे नसला तर गं?"

"असेल. त्याच्याइतकी प्रार्थना कोण करायचं?"

"तू म्हणतेस ते बरं वाटतं," ती म्हणाली, "पण तुझ्या म्हणण्याला कोण विचारतंय?"

मग तिनं थोडं सूप घेतलं आणि बाकीचं झाकून ठेवलं.